पंख्याचा नट आणि योग्य पाना

यंत्रांच्या इतिहासात इंजिनांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. नट आणि पाना यांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले. पण इंजिन कितीही ताकदीचे असले तरी त्याची ताकद पाण्यापर्यंत पोचते ती शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या पंख्यामार्फत, म्हणजेच प्रोपेलरमार्फत. आणि हा पंखा जागच्या जागी राहतो तो बहुधा एका नटामुळे. हा नट धावत्या बोटीत कधीही सुटता कामा नये. पण बोट दुरुस्तीला आली की तोच नट, शाफ्टला इजा न होता, सुटलाही पाहिजे. या दोन परस्परविरोधी मागण्या पुऱ्या करण्यात दीडशे वर्षे गेली. त्या प्रवासात आपल्याला शाळेच्या पुस्तकातले बरेच ओळखीचे भेटतात: तरफ, उतरण, घर्षण, प्रसरण आणि पास्कलचा नियम. म्हणून हा प्रवास येथे थोडक्यात सांगत आहोत.

पंखा पाण्याखाली गेला

पहिल्या आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठी वल्हेचाके असत. चाकाचा बराच भाग पाण्याच्या वर असे. त्याचे काही बिघडले तर माणूस जाऊन पाहू शके, पाती बदलू शके. १८३६ मध्ये लंडन येथे दीड महिन्याच्या अंतराने दोन पेटंटे घेतली गेली. ३१ मे रोजी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने आणि १३ जुलै रोजी जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने. दोघांचीही कल्पना अशी की पाणी मागे ढकलणारे मळसूत्र बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली बसवावे.

स्मिथचे पहिले मळसूत्र लाकडी होते आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा निम्मा भाग मोडून पडला, आणि बोट अधिक वेगाने धावू लागली! लांबलचक मळसूत्रापेक्षा आखूड मळसूत्र बरे, हा धडा असा आपोआप मिळाला. पुढे मळसूत्र आखूड होत होत त्याची पाती झाली. आज कोकणातले मच्छीमार त्याला सरळ 'पंखा' म्हणतात, ते रूपाला धरूनच आहे.

१८४३ मध्ये ब्रूनेलचे 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज पाण्यात उतरले. त्याला सहा पात्यांचा पंखा होता. १८४५ मध्ये अटलांटिकच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षी पंख्याची पाती तुटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने 'रॅटलर' हे पंख्याचे आणि 'अलेक्टो' हे वल्हेचाकांचे जहाज शेपटीला शेपटी बांधून ओढाओढीला लावले. रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले. रॅटलरच्या इंजिनाची प्रत्यक्ष ताकदही जास्त होती, तेव्हा याला काटेकोर प्रयोग म्हणता येणार नाही. पण पाहणाऱ्यांच्या मनात शंका उरली नाही.

पंखा जिंकला, पण तो नजरेआड गेला. पाण्याखाली त्याचे काय चालले आहे हे वरच्या माणसाला दिसेना. त्या काळी जहाजांना शिडेही असत, म्हणून निदान घरी परतण्याची सोय होती. पुढे शिडे गेली आणि सारा भार एका शाफ्टवर आणि एका पंख्यावर आला. १८९९ मध्ये 'वायकाटो' या जहाजाचा शाफ्ट आफ्रिकेच्या दक्षिणेस तुटला. इंजिन धडधाकट असूनही ते जहाज सुमारे शंभर दिवस दक्षिणेच्या समुद्रात वाहत राहिले. शेवटी दुसऱ्या जहाजाने त्याला ओढून ऑस्ट्रेलियात नेले. इंजिन आणि पाणी यांच्यामधला दुवा निखळला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

निमुळते टोक आणि नट

पंखा शाफ्टला कसा जोडतात, हे आता पाहू. शाफ्टचे टोक निमुळते असते. पंख्याच्या मधल्या तुंब्याला तसेच निमुळते भोक असते. पंखा टोकावर चढवायचा, दोघांमधल्या खाचेत चावी बसवायची आणि मागून नट आवळायचा. नट आवळला की तुंबा निमुळत्या भागावर पाचरीसारखा घट्ट बसतो. फिरवण्याची ताकद बरीचशी या घट्ट पकडीतूनच पोचते. चावी ही जादा आधार म्हणून असते.

लहान बोटींसाठी अमेरिकेत रूढ झालेला उतार १६ ला १ असा आहे, म्हणजे १६ सें.मी. लांबीत व्यास १ सें.मी. ने कमी होतो. आंतरराष्ट्रीय मानकात तो १० ला १ आहे. १६ ला १ या उतारात प्रत्येक बाजू अक्षाशी पावणेदोन अंशांच्या आसपास कोन करते. कांस्य आणि पोलाद यांमधला घर्षणगुणांक ०.१५ धरला तर घर्षणकोन साडेआठ अंश येतो. उतार घर्षणकोनाहून इतका कमी असल्याने एकदा बसलेला तुंबा नट काढला तरी आपोआप सुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

नटाच्या आट्यांची दिशाही विचारपूर्वक ठरवावी लागते. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा असेल तर मोठ्या जहाजांत शाफ्टला डावे आटे पाडतात. शाफ्ट पुढे फिरतो तेव्हा पाण्याच्या आणि जडत्वाच्या विरोधामुळे नट किंचित मागे रेंगाळू पाहतो. आटे डावे असतील तर हे रेंगाळणे नट आवळण्याच्याच दिशेने होते. जहाज मागे घेताना उलटे होईल, म्हणून नटाला अडसरपट्टीही लावतात. लहान बोटींत मात्र बहुधा उजवेच आटे असतात आणि नट सुटू नये म्हणून दुसरा नट आणि स्प्लिट पिन असते. म्हणून नट काढायला बसणाऱ्याचे पहिले हत्यार म्हणजे डोळे. आटे कोणत्या दिशेचे आहेत हे न पाहता जोर लावणारा माणूस तासभर घाम गाळून नट अधिकच आवळून ठेवू शकतो.

दोन नट असतील तर जाड कोणता आणि पातळ कोणता, यावर बोटवाल्यांत वाद असतो. पंख्याला लागून जाड नट आणि बाहेर पातळ, हे दिसायला योग्य वाटते. पण विचार करा. बाहेरचा नट आतल्यावर आवळला की तो शाफ्टला आणखी मागे खेचतो. त्यामुळे आतल्या नटाच्या आट्यांवरचा ताण कमी होतो आणि भार बाहेरच्या नटाकडे जातो. भार घेणारा जाड हवा, म्हणून आत पातळ आणि बाहेर जाड हीच रचना बरोबर. हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. विद्यार्थी सहसा उलटे उत्तर देतात आणि मग चर्चा रंगते.

आट्यांना शिस्त लागली

पाना योग्य हवा असेल तर आधी नट ठराविक मापाचा हवा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तसे नव्हते. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका कारखान्यातही एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेलच असे नसे. नट आणि बोल्ट यांच्या जोड्या खुणा करून एकत्र ठेवाव्या लागत.

या गोंधळातून वाट काढणाऱ्यांत हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) हा अग्रणी. १८०० च्या सुमारास त्याने आटे कापणारा अचूक लेथ बनवला. आधी ठरवलेले आटे पुन्हा पुन्हा तंतोतंत कापणे त्यामुळे शक्य झाले. त्याच्या कारखान्यात जोसेफ व्हिटवर्थ काही काळ कामाला होता. व्हिटवर्थने इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू जमवले, मोजले आणि १८४१ मध्ये एकच पद्धत सुचवली. प्रत्येक व्यासाच्या बोल्टला इंचात ठराविक आटे आणि सर्व आट्यांचा कोन ५५ अंश. नवा आदर्श मनाने न रचता चालू मापांचा मध्य काढल्याने कारखानदारांना तो पटला.

त्याच १८४१ साली मुंबईच्या आर्देशीर खर्शेटजी वाडिया यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. जहाजबांधणीच्या घराण्यातले आर्देशीर हे आगबोटींच्या यंत्रांचे जाणकार होते आणि मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. समुद्रावरच्या यंत्रविद्येचा हा काळ आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हता, हे लक्षात यावे म्हणून हा उल्लेख.

व्हिटवर्थच्या आट्यांची कसोटी क्रिमियन युद्धाच्या वेळी लागली. ब्रिटिश नौदलाला पंख्याच्या लहान युद्धनौका तातडीने हव्या होत्या. जॉन पेन या अभियंत्याने नमुन्याच्या इंजिनाचे भाग सुटे केले आणि निरनिराळ्या कारखान्यांना प्रत्येक भागाचे नव्वद नग करायला दिले. भाग एकत्र आले, जुळले, आणि नव्वद दिवसांत नव्वद इंजिने उभी राहिली. सर्वांचे आटे एका मापाचे नसते तर हे घडणेच शक्य नव्हते. पाण्याखालच्या शाफ्टसाठी लिग्नम व्हायटी या कठीण, तेलकट लाकडाचे बेअरिंग १८५४ मध्ये आणणारा पेन तो हाच.

पण शिस्तही दोन झाल्या. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांच्या आट्यांची पद्धत मांडली. ६० अंशांचा कोन समभुज त्रिकोणाचा, म्हणून आखायला आणि तपासायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रे एकमेकांचे नट घेईनात, तेव्हा या दुफळीची किंमत कळली. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित पद्धत मान्य केली. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली.

कायदा आला तरी जुने नट कुठे जातात? म्हणून बोटींच्या कामात इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी. त्यावर १९ चा पाना घट्ट बसतो. १५/१६ इंच म्हणजे २३.८१ मि.मी. त्यावर २४ चा पाना सहज जातो, पण किंचित सैल राहतो. १ १/१६ इंच म्हणजे २६.९९ मि.मी., तेथे २७ चा पाना खुशाल चालतो. व्हिटवर्थच्या पान्यांची आणखी एक गंमत आहे. त्यांवर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो. 'अर्धा इंच' लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून पुष्कळ मोठे असते. आकडा वाचून पाना उचलणारा येथे हमखास फसतो.

पाना कसा घडला

जुने नट चौकोनी असत. लोहाराला ते घडायला सोपे. पण चौकोनी नटावर पाना पुन्हा बसवण्यासाठी ९० अंश फिरवावा लागतो. षट्कोनी नटाला ६० अंश पुरतात. उघड्या तोंडाच्या पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंश तिरके ठेवले आणि पाना दर वेळी उलटा केला तर ३० अंशांच्या जागेतही काम होते. बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू आणि तळ यांच्या मधल्या अरुंद जागेत या हिशेबाला फार किंमत आहे.

मापे अनेक, म्हणून सरकत्या जबड्याचा पाना आला. स्वीडनमधल्या योहान पेटर योहान्सन याने १८९० च्या आसपास त्याला आजचे रूप दिले. अनेक मापांची पाने वाहून नेण्याचा त्रास वाचावा, हा त्याचा हेतू. घरगुती कामाला हा पाना उत्तम. पण घट्ट बसलेल्या पंख्याच्या नटाला तो योग्य नाही, आणि याचे कारण भूमितीत आहे. जबडा थोडा जरी सैल असला तरी पाना नटाच्या सपाट बाजूंवर टेकत नाही, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टेकतो. सारे बल दोन रेषांवर येते. कांस्याचा नट मऊ असल्याने कोपरे गोल होतात, आणि मग कोणताच पाना चालत नाही. रिंग पाना किंवा बॉक्स पाना नटाला चहूकडून धरतो, त्यामुळे बल सहा ठिकाणी वाटले जाते. त्यातही अडकलेल्या नटाला बारा कोपऱ्यांपेक्षा सहा कोपऱ्यांचा पाना बरा, कारण तो बाजूंवर टेकतो. पाइप पान्याला दात असतात. ते फिरताना नटात रुततात आणि नट कायमचा खराब करतात.

आता थोडे आकडे. नट आवळताना लावलेल्या पिळापैकी सुमारे निम्मा पीळ नटाच्या तळाच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. शाफ्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणजे नव्वद टक्के झगडा घर्षणाशी. म्हणूनच आटे घासून साफ करणे, त्यांत भेदक तेल सोडून रात्रभर थांबणे, हाही योग्य हत्याराचाच भाग आहे. व्यवहारात पीळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात: ताण गुणिले आट्यांचा व्यास गुणिले ०.२. लहान बोटीत व्यास २५ मि.मी. आणि ताण २०,००० न्यूटन धरला तर पीळ १०० न्यूटन-मीटर येतो. ४० सें.मी. लांब पान्यावर २५० न्यूटन बल पुरे, म्हणजे साधारण २५ किलो वजनाइतका जोर. एका माणसाचे काम.

घणाची मर्यादा

आता मोठे जहाज घ्या. आट्यांचा व्यास अर्धा मीटर आणि हवा असलेला ताण १० लाख न्यूटन धरू. पीळ येतो १ लाख न्यूटन-मीटर. एक माणूस दोन मीटर लांब पान्यावर ४०० न्यूटन जोर लावतो असे धरले तर ८०० न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे अशी १२५ माणसे हवीत, आणि ती एका पान्यावर उभी राहणार कशी?

गोदीत यावर जुना तोडगा होता तो घणाचा. जाड, आखूड दांड्याचा रिंग पाना नटावर चढवायचा आणि दांड्यावर घण घालायचा, किंवा दोरीने टांगलेली जड तुळई झोक्यासारखी आदळायची. घणाचा संवेग अगदी अल्प वेळात थांबतो, म्हणून तेवढ्या वेळापुरते बल प्रचंड असते. शिवाय हादऱ्याने गंजाची पकड सुटते. अडकलेला नट लांब दांड्यापेक्षा आखूड धक्क्याने लवकर सुटतो तो यामुळेच.

पण धक्क्याला दोन दोष आहेत. एक, तो फक्त नटापाशी थांबत नाही. शाफ्ट, बेअरिंग आणि गिअर यांच्यापर्यंत जातो. दुसरा दोष अधिक गंभीर. नेमका किती ताण बसला हे घण सांगत नाही. नट कमी आवळला गेला तर तुंबा शाफ्टवर सूक्ष्मपणे हलत राहतो, आणि अशा हलण्यातूनच शाफ्टला बारीक चिरा पडू लागतात. समुद्रात शाफ्ट तुटण्यामागे अनेक कारणे असत. त्यांत हे एक होते.

ब्रामाच्या दाबापासून पिल्ग्रिम नटापर्यंत

उत्तर फार आधीपासून तयार होते, पण वेगळ्या खोलीत. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. मोठी अडचण गळतीची होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब वाढेल तशी अधिक घट्ट बसणारी चामड्याची वाटी ही त्यावरची युक्ती. तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यात तेव्हा काम करणाऱ्या एका तरुणाला दिले जाते. तो तरुण म्हणजे वर उल्लेखलेला मॉडस्लेच! रॅटलरचे इंजिनही त्याच्याच घराण्याच्या कंपनीने बनवले होते. अचूक आटे आणि दाब धरणारी वाटी, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेली. तरी ती दोन्ही पंख्याच्या नटात एकत्र यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टी. डब्ल्यू. बनियन या ब्रिटिश अभियंत्याचा 'पिल्ग्रिम नट' वापरात आला. या नटाच्या पोटात गोल खाच असते. तिच्यात कृत्रिम रबराची नळीसारखी कडी आणि तिच्यापुढे पोलादी कडे असते. नट हाताने फिरवून पंख्याला टेकवायचा आणि रबरी कडीत पंपाने ग्रीस किंवा तेल भरायचे. कडी फुगते, पोलादी कडे पंख्याला पुढे रेटते आणि शाफ्ट मागे ताणला जातो. पीळ नाही, घर्षण नाही, घण नाही. आणि दाबमापकावरचा काटा ताण किती झाला ते सांगतो.

मघाचाच हिशेब पुन्हा करू. कड्याचा बाहेरचा व्यास ७० सें.मी. आणि आतला ६० सें.मी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे १,०२० चौ.सें.मी. होते. १० लाख न्यूटन बलासाठी दर चौ.सें.मी. वर साधारण ९८० न्यूटन दाब हवा, म्हणजे जवळजवळ १०० वातावरणे. हातपंपाचा दट्ट्या १ चौ.सें.मी. चा आणि त्याची तरफ दहापट असेल तर हाताला ९८ न्यूटन जोर लावावा लागतो. दहा किलोची पिशवी उचलण्याइतका! १२५ माणसांचे काम एकाने केले, पण फुकट नाही. कडे एक मिलिमीटर सरकवायला १०२ घ.सें.मी. तेल हवे. दट्ट्याचा फेरा दोन सें.मी. चा असेल तर पन्नासएक वेळा पंप मारावा लागेल. ऊर्जेचा हिशेब कोठेही चुकत नाही.

याहून सुरेख भाग पुढेच आहे. पंखा काढायचा असेल तेव्हा हाच नट काढून उलटा बसवतात, जाड पट्टी आणि लांब बोल्ट यांनी तुंब्याशी जोडतात आणि पुन्हा पंप मारतात. आता तो पंख्याला शाफ्टवरून मागे ओढतो. ज्याने बसवले त्यानेच काढले. नट हाच हत्यार झाला. याच्या जोडीला स्वीडनच्या एसकेएफ कंपनीत १९४० च्या दशकात विकसित झालेली तेल शिरवण्याची पद्धत आली. तुंबा आणि शाफ्ट यांच्यामध्ये उच्च दाबाने तेल घातले की दोन धातूंमध्ये पातळ थर तयार होतो, घर्षण जवळजवळ नाहीसे होते आणि आग किंवा घण यांची गरज उरत नाही. या पकडीवर विश्वास बसल्यावर अनेक मोठ्या जहाजांत चावी आणि तिची खाच दोन्ही गेली. खाचेच्या कोपऱ्यातून चीर सुरू होण्याचा धोकाही त्यांच्याबरोबर गेला.

लहान बोटीचे काय?

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात आणि याच दिवसांत पंखे, शाफ्ट, बेअरिंगे तपासली जातात. तेथे पिल्ग्रिम नट नसतो आणि त्याची जरूरही नसते. पण तत्त्वे तीच.

प्रथम स्प्लिट पिन काढावी आणि आट्यांची दिशा पाहावी. पंखा फिरू नये म्हणून पाते आणि बोटीचा भक्कम भाग यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवावा. हाताने पाते धरून ठेवू नये. नेमक्या मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना घ्यावा. बाहेरच्या नटानंतर आतला नट सैल करावा, मात्र पूर्ण काढू नये. दोनतीन आटे मागे घेऊन तेथेच ठेवावा. हा नियम जिवाशी संबंधित आहे. निमुळत्या टोकावर बसलेला तुंबा नट सैल झाला तरी सुटत नाही, हे आपण पाहिले. पुलर लावून ओढत गेलो की ताण साठत जातो आणि एका क्षणी पंखा आवाज करून एकदम सुटतो. नट जागेवर असेल तर तो दोन मिलिमीटर उडी मारून थांबतो. नट काढून ठेवला असेल तर तो समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. जो नट काढायला आपण आलो, तोच या घडीला आपला रक्षक असतो.

पुलर पुरला नाही तर उष्णता मदत करते. कांस्य दर अंशाला लांबीच्या सुमारे १८ दशलक्षांश इतके प्रसरण पावते, पोलाद सुमारे १२. तुंब्याभोवती कापड गुंडाळून उकळते पाणी ओतले आणि तुंबा ६० अंशांनी तापला असे धरले, तर ५० मि.मी. चे भोक ०.०५४ मि.मी. ने मोठे होते. हे नगण्य वाटते. पण १६ ला १ या उतारावर ते पंखा जवळजवळ ०.९ मि.मी. मागे सरकण्याइतके आहे. शाफ्टही थोडा तापतोच, म्हणून घाई करावी लागते. एकाच जागी गॅसची ज्योत धरणे मात्र टाळावे. त्याने कांस्यात अंतर्गत ताण राहतात आणि पुढे चिरा पडतात.

नट इतका का अडकतो? समुद्राचे पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की विद्युतघट तयार होतो आणि एक धातू झिजतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने जहाजाच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे वाचले, कारण त्याच्याऐवजी तुकडे झिजले. आज पुष्कळ बोटींत पंख्याच्या नटावरच जस्ताची टोपी बसवतात, ती याच प्रयोगाची वंशज. टोपी वेळेवर बदलली तर पुढच्या वर्षी नट सहज सुटतो. हेही एक हत्यारच, फक्त ते वर्षभर आधी वापरायचे असते.

वर्गात काय करता येईल

सायकल दुरुस्तीच्या दुकानातून एक जुना बोल्ट, दोन नट, एक नेमका आणि एक सैल पाना आणावा. नटाच्या कोपऱ्यांवर शाई लावून दोन्ही पाने फिरवावेत. शाई कोठे पुसली जाते यावरून बल कोठे पडते ते दिसते. निमुळत्या बुचावर बांगडीसारखे कडे दाबून बसवावे आणि किती जोराने बसते, किती जोराने निघते ते पाहावे. दोन वेगळ्या व्यासांच्या सिरिंजा नळीने जोडून पाणी भरावे आणि लहान सिरिंजने मोठीचा दट्ट्या उचलावा. दट्ट्यांनी कापलेली अंतरेही मोजायला लावावीत, म्हणजे पन्नास वेळा पंप का मारावा लागतो ते मुलांना समजेल. किनाऱ्याजवळच्या शाळांनी पावसाळ्यात एखाद्या बोट दुरुस्तीच्या जागी मुलांना न्यावे आणि तेथल्या कारागिराला प्रश्न विचारू द्यावेत.

एवढ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नट सुटत नाही तेव्हा मनुष्य आधी लांब दांडा शोधतो, मग मोठा घण शोधतो. बल कोठे खर्च होते आहे हे ज्यांनी विचारले, त्यांना मात्र लहानसा पंप पुरला. विद्यार्थ्याला पाना हातात देण्यापूर्वी हा प्रश्न त्याच्या हाती द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.